नाकापेक्षा मोती जड

(तृतीय वर्ष, कला)

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आम्हा कशेळ्याच्या माणसांना समजावून सांगावी लागत नाही. गावातून भीमाशंकरचा डोंगर निळा, शांत आणि देखणा दिसतो. खांडसच्या बाजूने डोक्यावर ओझे घेऊन तोच डोंगर चढणाऱ्याला तो कसा वाटतो, हे त्यालाच विचारावे. अमेरिकेचेही असेच आहे. चंद्रावर माणूस पाठवणारा, विद्यापीठांनी आणि प्रयोगशाळांनी गजबजलेला तो देश दुरून फार साजरा दिसतो. पण त्याच देशात तीन-चार वर्षांच्या मुलींचे ओठ रंगवून, डोक्याला खोटे केस लावून, त्यांना हॉटेलच्या सभागृहात परीक्षकांपुढे चालवले जाते आणि कोण किती सुंदर याचे गुण मांडले जातात, हे ऐकले म्हणजे मन थबकते. सुधारणा म्हणतात ती हीच काय, असा प्रश्न पडतो.

मी अमेरिका पाहिलेली नाही. जे लिहीत आहे ते वाचून आणि पडद्यावर पाहून. बाहेरून पाहणाऱ्याची एक सोय असते. घरातल्या माणसांना जे रोजचे झाले आहे ते त्याला खटकते. पण त्याचबरोबर एक धोकाही असतो. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही. म्हणून या लेखात मी आधी कुसळाकडे आणि मग मुसळाकडे जाणार आहे.

प्रथम या स्पर्धांचा जन्म पाहू. १८५५ साली न्यूयॉर्कमध्ये पी. टी. बार्नम नावाच्या खेळवाल्याने (जो पुढे सर्कशीमुळे जगप्रसिद्ध झाला) आपल्या संग्रहालयात तान्ह्या मुलांचे प्रदर्शन भरवले. देखण्या बाळाला बक्षीस, लठ्ठ बाळाला बक्षीस, आणि बघायला येणाऱ्याला तिकीट! १९२१ साली अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या शहरात पहिली ‘मिस अमेरिका’ निवडली गेली. त्यामागे सौंदर्याची उपासना वगैरे काही नव्हती. सप्टेंबर लागला की सुटी संपून पाहुणे घरोघर परतत आणि हॉटेले ओस पडत. गिऱ्हाईक आणखी चार दिवस टिकावे म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांनी हा उत्सव काढला. पहिला मान मिळालेली मार्गारेट गॉर्मन सोळा वर्षांची शाळकरी मुलगी होती. तिच्या छाती-कंबरेची मापे तेवढी शंभर वर्षांनंतरही लोक सांगतात, तिला काय आवडत होते ते कोणी सांगत नाही. पुढे १९३० च्या दशकात तर स्पर्धक गोऱ्या वंशाचीच हवी असा लेखी नियम होता. कृष्णवर्णीय तरुणीच्या डोक्यावर तो मुकुट प्रथम चढला तो १९८३ साली, व्हॅनेसा विल्यम्स हिच्या रूपाने. त्याच वर्षी किशोरवयीन मुलींसाठी ‘मिस टीन यूएसए’ ही स्पर्धाही सुरू झाली. सारांश, सौंदर्य ठरवण्याचा काटा कोणाच्या हातात आहे यावर सुंदर कोण हे ठरत आले आहे.

लहान मुलींच्या स्पर्धा हे याच वृक्षाचे धाकटे फळ. २००९ साली ‘टॉडलर्स अँड टिआराज’ या दूरचित्रवाणी मालिकेने ते घराघरांत नेले. त्यात जे दिसले ते थोडक्यात सांगते. या स्पर्धांचे साधारण दोन प्रकार. एक साधा, ज्यात मुलीने आपल्या रूपातच यायचे. दुसरा झगमगाटाचा. या दुसऱ्या प्रकारात दुधाचा दात पडून खिंड दिसत असेल तर ती झाकायला खोट्या दातांची पट्टी बसवतात. अंगावर रंगाचा फवारा मारून कातडी उन्हात रापल्यासारखी सोनेरी करतात. केसांवर केस, पापण्यांवर पापण्या, आणि खड्यांनी मढवलेला पोशाख, ज्याची किंमत ऐकून आपल्याकडचा शेतकरी बैलजोडीचा हिशेब मांडू लागेल. प्रवेश फी वेगळी, छायाचित्राच्या स्पर्धेची फी वेगळी, गुणदर्शनाची वेगळी. मुकुटांची नावे तर इतकी की सर्वोच्च, परमोच्च, महासर्वोच्च असे करता करता जवळजवळ प्रत्येकीच्या डोक्यावर काहीतरी चढते. यात औदार्य कमी आणि हिशेब जास्त आहे. मुकुट घेऊन घरी गेलेले गिऱ्हाईक पुन्हा येते.

१९९६ च्या डिसेंबरात कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर शहरात जॉनबेने रॅम्से या सहा वर्षांच्या मुलीचा तिच्या राहत्या घरात खून झाला. ती अशा स्पर्धांत भाग घेत असे. त्या खुनाचा उलगडा झालेला नाही, आणि स्पर्धांचा त्याच्याशी संबंध होता असे म्हणायला आधार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण त्या घटनेनंतर तिची रंगवलेल्या चेहऱ्याची छायाचित्रे आणि चित्रफिती जगभर फिरल्या, आणि अमेरिकेतल्याच लोकांना प्रथम जाणवले की आपण हे पोरीचे काय करत आहोत. २०१३ साली फ्रान्सच्या वरिष्ठ सभागृहाने सोळा वर्षांखालील मुलींच्या सौंदर्यस्पर्धा बंद कराव्यात असे मत दिले. तेव्हा हा प्रश्न केवळ आमच्यासारख्या खेडवळांच्या भुवया उंचावण्याचा नाही.

आता दुसरी बाजू. या स्पर्धांचे समर्थक म्हणतात की मुलींना धीटपणा येतो, शिष्यवृत्ती मिळते, आयुष्याला दिशा लागते. यात तथ्य नाही असे नाही. १९५८ साली अलाबामा राज्यात बारावीच्या वयाच्या मुलींसाठी ‘ज्युनियर मिस’ स्पर्धा सुरू झाली. तिच्यात अभ्यास आणि कलागुणांना महत्त्व होते, बक्षीस शिष्यवृत्तीचे होते, आणि २०१० मध्ये तिने आपल्या नावातले ‘मिस’ काढूनही टाकले. १९६३ साली ती जिंकणारी डायेन सॉयर पुढे अमेरिकेतली नामवंत वृत्तनिवेदिका झाली.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. १९६६ साली लंडनमध्ये रीटा फारिया भारताची पहिली जगत्सुंदरी झाली. गोव्याच्या घराण्यातली, मुंबईत वाढलेली ही मुलगी तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकत होती. स्पर्धेसाठी लागणारे कपडे तिने उसने नेले होते असे सांगतात. वर्षभर त्या मुकुटाची कर्तव्ये पार पाडून तिने तो झगमगाट सोडला, शिक्षण पुरे केले आणि डॉक्टर म्हणून आयुष्य काढले. मला तिच्याबद्दल आदर वाटतो. तो मुकुटासाठी नाही, तर तो घालायचा केव्हा आणि काढायचा केव्हा हे तिने स्वतः ठरवले यासाठी. तेवीस वर्षांच्या तरुणीला ‘नको’ म्हणता येते. चार वर्षांच्या मुलीला आईने रंगवले तर ती रंगते, चालवले तर ती चालते, आणि टाळ्या पडल्या की तिला वाटते, आपण आईला आवडलो. या वयात आवडणे आणि जिंकणे यांतला फरक कळत नाही. म्हणून मोठ्यांच्या स्पर्धेला जी सबब चालते ती लहानांच्या स्पर्धेला चालत नाही.

सौंदर्यस्पर्धांना विरोध पुष्कळ झाला आहे, पण सगळा विरोध एका जातीचा नाही. १९६८ च्या सप्टेंबरात अटलांटिक सिटीत स्त्रियांनी निदर्शने केली, एका मेंढीला मुकुट घातला आणि उंच टाचांचे बूट, खोट्या पापण्या असल्या वस्तू कचऱ्याच्या पिंपात टाकल्या. जनावरांच्या बाजारात जनावर पारखतात तसे आम्हाला पारखू नका, असे त्यांचे म्हणणे होते. १९९६ साली बंगलोरला जगत्सुंदरी स्पर्धा भरली तेव्हा विरोध इतका पेटला की पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर न्यावी लागली. त्या विरोधात स्त्री संघटना होत्या, शेतकरी होते, आणि ‘आपली संस्कृती बुडाली’ म्हणणारेही होते. मला हा तिसरा आवाज पटत नाही. संस्कृतीची काळजी वाहणारे पुष्कळदा मुलीच्या कपड्यांची लांबी मोजतात, म्हणजे तेही मोजतातच. फक्त पट्टी वेगळी. माझा आक्षेप अंग किती दिसले हा नाही. जिला स्वतःला अजून काही कळत नाही तिच्या रूपाला गुण देण्याचा अधिकार मोठ्यांना कोणी दिला, हा माझा आक्षेप आहे.

इथवर वाचून काहीजण म्हणतील, “हे सगळे साता समुद्रापलीकडचे. कशेळ्याचा आणि याचा काय संबंध?” संबंध आहे, आणि तो सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या भागात मध्यंतरी एका सभागृहात लहान मुलींची सौंदर्यस्पर्धा झाली. वय तीन ते आठ, प्रवेश फी आगाऊ, पोशाख आणि रंगरंगोटीचा खर्च ज्याचा त्याने. माझ्या मावशीने आपल्या पाच वर्षांच्या मुलीला त्यात उतरवले. मावशी काही अमेरिकन मालिका पाहून वेडी झालेली बाई नाही. ती म्हणाली, “पोरीला जरा स्टेज डेअरिंग येईल. आम्हाला कोणी कधी स्टेजवर चढवलंय?” या वाक्यावर हसण्याची माझी हिंमत नाही. मावशी आठवीत असताना तिची शाळा सुटली. मुलीचा चेहरा तिच्या स्वतःच्या रंगापेक्षा तीन छटा उजळ करण्यात आला. प्रमाणपत्र मिळाले, मुकुट दुसऱ्या कोणाला. यात कोणी रडले नाही, भांडण झाले नाही. फक्त पुढच्या आठवड्यात आजी तिला नेहमीप्रमाणे भाताच्या खाचराकडे घेऊन निघाली तेव्हा पोरगी दारातच अडून बसली. “ऊन लागेल, मी काळी होईन,” म्हणाली. खेकडे धरायला आजीच्या पुढे धावणारी ही मुलगी. पाच वर्षांत तिला कोणी असे शिकवले नव्हते, ते एका दुपारने शिकवले.

तेच आपल्या गणेशोत्सवात आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत चालते. सहा-सात वर्षांच्या मुलींना प्रौढ शृंगाराच्या लावणीवर नाचवायचे, डोळ्यांचे आणि कमरेचे नेमके तेच इशारे त्यांच्याकडून बसवून घ्यायचे, आणि ‘वन्स मोअर’चा गजर करायचा. लावणी ही थोर कला आहे आणि ती करणाऱ्या कलावंत स्त्रियांनी तिच्यासाठी आयुष्य वेचले आहे. पण जो भाव कलावंत समजून उमजून दाखवते तो मुलगी न समजता दाखवते, आणि खालचे प्रेक्षक मात्र समजून पाहतात. हे दोन्ही मिळून जे होते ते मला अमेरिकेतल्या त्या हॉटेलच्या सभागृहापासून फार दूर वाटत नाही. याउलट आपल्या वेशभूषा स्पर्धेत तीच मुलगी जिजाऊ होते, वासुदेव होते, भाजीवाली होते, मिशी लावून पोस्टमन होते. तिथे ती दुसरे कोणी होऊन पाहते आणि घरी येऊन मिशी पुसून टाकते. सौंदर्यस्पर्धेत तिला स्वतःलाच परीक्षेला बसवलेले असते. तो निकाल पुसायचा कशाने?

आणि मुसळ म्हणावे ते तर आणखी जुने आहे. मुकुट, शीळ, दिवे यांतले काही नसलेली एक सौंदर्यस्पर्धा आपण पिढ्यान्‌पिढ्या घरातच भरवत आलो आहोत. तिला आपण ‘मुलगी दाखवणे’ म्हणतो. मुलीने पोहे घेऊन यावे, पाटावर बसावे, नाव सांगावे, क्वचित चालून दाखवावे, आणि परीक्षकांनी घरी जाऊन पत्राने निकाल कळवावा. वधू पाहिजेच्या जाहिरातींत ‘गोरी, सुस्वरूप’ हे शब्द ‘शिकलेली’च्या आधी छापलेले आपण सर्वांनी वाचले आहेत. १९७५ साली आपल्या देशात रंग उजळण्याचे जे मलम बाजारात आले त्याच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द जायला २०२० साल उजाडावे लागले. शब्द गेला, पण मलम खपतच आहे. अमेरिकेतली आई मुलीला निदान बक्षिसासाठी उभी करते. आपण तिला नकाराला तयार राहण्यासाठी उभी करतो. तेव्हा त्यांना नावे ठेवण्याआधी आपण आपला पाट उचलून ठेवावा हे बरे.

मुलांना मोजूच नये, असे मात्र मला म्हणायचे नाही. माझी आई अंगणवाडी सेविका आहे. अंगणवाड्यांची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झाली. आमच्या बाजूच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर ती काय काम करते हे मी लहानपणापासून पाहते आहे. दर महिन्याला मुले काट्याला लागतात. वजन वयाच्या तक्त्यावर मांडले जाते. ठिपका हिरव्या पट्ट्यात पडला तर ठीक. पिवळ्यात पडला तर घरी जाऊन चौकशी. त्याहून खाली गेला तर जादा आहार, औषध, आणि गरज पडली तर कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयाची वाट. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. ती परत येतात तेव्हा मुलांचे ठिपके कुठे सरकले असतील, या विचाराने आईला झोप लागत नाही.

या मोजण्यात आणि त्या मोजण्यात फरक काय? माझ्या मते सारे मर्म इथे आहे. अंगणवाडीचा काटा विचारतो, या मुलाला काय पाहिजे? स्पर्धेचा काटा विचारतो, या मुलापासून आम्हाला काय मिळते? म्हणून सौंदर्यस्पर्धेत सगळ्यांचे डोळे पहिल्या आलेल्या मुलीवर असतात, आणि अंगणवाडीत सगळ्यांत जास्त लक्ष शेवटी आलेल्या मुलावर असते. जे मोजमाप शेवटच्याच्या कामी येत नाही त्याला लहान मुलांच्या जगात जागा नसावी, असे मला वाटते.

आणि पहिल्या प्रकारचे मोजमाप दुसऱ्या प्रकारात किती लवकर बदलते हेही अमेरिकेनेच दाखवून दिले आहे. १९११ साली आयोवा राज्याच्या जत्रेत मेरी वॉट्स या बाईंनी तान्ह्या मुलांच्या आरोग्याची स्पर्धा घेतली. जत्रेत डुकरांना आणि गाईंना बक्षिसे मिळतात, मग मुलांच्या निकोप वाढीकडे कोणी का पाहू नये, असा त्यांचा सरळ सवाल होता. डॉक्टरांनी मुले तपासली, मातांना सल्ला दिला. हेतू उत्तम. पण गुणपत्रिका बनली ती जनावरांच्या प्रदर्शनासारखी, आणि पहिला नंबर आला की लोकांना वंश आठवतो. १९२० साली कॅन्सस राज्याच्या जत्रेत ‘सुदृढ कुटुंबां’च्या स्पर्धा सुरू झाल्या. त्यांतून ‘चांगल्या’ वंशाचे लोक कोणते आणि ‘हलके’ कोणते, अशा विचाराला खतपाणी मिळाले. काटा तोच होता. बक्षीस आले आणि त्याचा अर्थ फिरला.

आपल्याकडेही सुदृढ बालक स्पर्धा होतात. २०२२ च्या जानेवारीत तर केंद्र शासनाने देशभर अशी स्पर्धा घेतली. मुलाचे वजन-उंची तपासायला आईबापांनी आपणहून यावे, हा तिचा हेतू चांगला आहे आणि त्याला माझा विरोध नाही. पण गुबगुबीत, गोऱ्या बाळाला मांडीवर घेऊन छायाचित्र काढण्याचा मोह तिथेही होतो. ज्या बाळाचे वजन तीन महिन्यांत सर्वांत जास्त सावरले त्याच्या आईला पहिले बक्षीस द्या, मग ते बाळ अजून पिवळ्या पट्ट्यात का असेना. माझ्या मते खरी सुदृढ बालक स्पर्धा ती.

शेवटी आपल्या महाविद्यालयाकडे वळते. यंदाच्या स्नेहसंमेलनात ‘मिस कॉलेज’ निवडावी आणि त्याच व्यासपीठावर गावातल्या लहान मुलींचीही एक फेरी ठेवावी, अशी चर्चा विद्यार्थ्यांत ऐकू येते. मोठ्यांच्या फेरीबद्दल मतभेद असू शकतात. आपण सारे अठरा वर्षांचे झालो आहोत, आणि ज्या मैत्रिणीला त्यात भाग घ्यायचा आहे तिला अडवणारी मी कोण? तिला फक्त एवढेच सांगावेसे वाटते की, मुकुट काढायची वेळही तूच ठरव. पण लहान मुलींची फेरी ठेवू नये, अशी माझी प्राचार्यांना, सांस्कृतिक मंडळाला आणि सर्व मित्रमैत्रिणींना आग्रहाची विनंती आहे. त्या वेळात वाडीवरच्या मुलांना बोलवा. त्यांना त्यांची गाणी म्हणू द्या, गोष्ट सांगू द्या, माझ्या मावशीला हवे असलेले ‘स्टेज डेअरिंग’ त्यांना मनसोक्त मिळू द्या. धावण्याला गुण द्या, चित्राला द्या, पाढ्यांना द्या. हरलेल्या मुलाला या गोष्टी पुढच्या वर्षी जास्त चांगल्या करता येतात. नाक-डोळे आणि रंग पुढच्या वर्षी जास्त चांगले करून आणता येत नाहीत.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ! एक दुपार, एक पोशाख, चार टाळ्या. पण नाकापेक्षा मोती जड झाला की त्रास मोत्याला होत नाही, नाकाला होतो. आणि इथे तर नाक पाच वर्षांचे आहे.